गवताळ अभयारण्याची पाहणी: परवानगीच्या अर्जापासून पहिल्या अहवालापर्यंत

पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातली गवताळ अभयारण्यं आकाराने लहान आहेत. रेहेकुरी २.१७ चौरस किलोमीटर, मयूरेश्वर पाचच्या थोडं वर. अशाच एका अभयारण्यात आम्ही काही जणांनी प्राणी आणि अधिवास यांची पाहणी केली आणि जून २०२५ मध्ये पहिल्या वर्षाचा अहवाल वनविभागाला दिला. वाघाच्या जंगलासाठी छापील तक्ते, ॲप, प्रशिक्षण असं सगळं तयार मिळतं. माळरानासाठी बरंचसं स्वतःच जुळवावं लागतं, आणि ते जुळवताना कुठे अडतं हे आधी कुणी सांगत नाही. म्हणून हे क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी परवानगीची. अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. महाराष्ट्रात हा अधिकार नागपूरला बसणाऱ्या प्रधान मुख्य वनसंरक्षकांकडे, वन्यजीव विभागाकडे आहे. आमचा अर्ज जानेवारी २०२४ मध्ये गेला आणि परवाना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हातात पडला. मधल्या काळात फाइल क्षेत्रीय कार्यालयाच्या अभिप्रायासाठी खाली येते, वनपरिक्षेत्र अधिकारी, सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक अशी चढत पुन्हा वर जाते. ऑक्टोबरात काम सुरू करायचं असेल तर दिवाळीत अर्जाचा विचार करून उपयोग नाही. आदल्या हिवाळ्यातच तो जायला हवा. अर्ज दिला की पोच आणि आवक क्रमांक घ्यायचाच, कारण पुढची सगळी विचारणा त्या क्रमांकावरच होते.

अर्जासोबत लागतात ते कागद असे: संस्थेच्या लेटरहेडवर विनंती, चार-पाच पानी संशोधन प्रस्ताव, कक्ष (वनविभागाने जंगलाचे पाडलेले भाग) क्रमांकांसह नकाशा, प्रत्येक सदस्याचं ओळखपत्र, वाहन क्रमांक, उपकरणांची यादी आणि माहितीची प्रत विभागाला देण्याचं हमीपत्र. कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावणार असाल तर प्रत्येकाचा अनुक्रमांक यादीत हवा. नुसतं ‘४ कॅमेरे’ लिहिलं की फाइल त्रुटीचा शेरा घेऊन परत येते. प्रस्तावातले शब्दही जपून वापरावेत. ‘नमुने गोळा करणे’ असं एक वाक्य पडलं तरी विष्ठा नेणार का, गवत कापणार का, हे प्रश्न सुरू होतात. ते योग्यही आहे, कारण अभयारण्यातलं वनोपज हलवण्यावर कलम २९ ची बंदी आहे. गवताचं वजन काढण्यासाठी चौकटीतलं गवत कापून वाळवण्याची पद्धत पुस्तकात पहिली दिसते. लहान अभयारण्यात तिच्या मागे न लागता न कापता मोजण्याच्या पद्धती निवडाव्यात. प्राणी पकडणं, माग काढण्यासाठी गळ्यात कॉलर लावणं हा कलम १२ चा विषय, त्याची वाट वेगळी.

परवान्यावरच्या अटी नीट वाचाव्यात. आमच्यावर आत जाण्याच्या आदल्या दिवशी कळवणं, सोबत वनरक्षक किंवा वनमजूर असणं, सूर्यास्तानंतर न थांबणं, ड्रोन न उडवणं आणि लांडग्याच्या गुहांची ठिकाणं कुठेही प्रसिद्ध न करणं या अटी होत्या. शेवटची अट छायाचित्रांनाही लागू होते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली स्थाननोंद बंद केली नाही तर साध्या फोटोतूनही जागा उघड होते.

परवान्याची वाट बघण्याचे महिने वाया जाऊ देऊ नयेत. परिक्षेत्र कार्यालयातून कक्षांचा नकाशा आणि जाळरेषांची (वणवा पसरू नये म्हणून गवत जाळून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांची) माहिती घ्यावी. उपग्रह चित्रावर ५०० मीटरची जाळी टाकून नमुना बिंदू ठरवावेत, आणि ते घरी बसूनच ठरवावेत. जागेवर उभं राहून ठरवले की माणूस नकळत गाडीवाटेजवळची, सपाट, चांगल्या गवताची जागा निवडतो, आणि मग सगळं अभयारण्य कागदावर आहे त्यापेक्षा निरोगी दिसतं. जाळीतला बिंदू खडकावर पडला तर खडकच मोजायचा.

माळरानावर अधिवासाची पाहणी पावसाळा सरताना करावी. गवतं ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलोऱ्यात असतात आणि तुरा असेल तरच बरीचशी ओळखता येतात. पवन्या, शेडा, मारवेल ही जनावरांना आवडणारी बहुवार्षिक गवतं कुठे टिकून आहेत आणि कुसळीने किती जागा घेतली, हाच माळाच्या प्रकृतीचा पहिला पुरावा. चराई जास्त झाली की आधी चांगली गवतं जातात आणि कुसळी, अरिस्टिडा वाढतात. मार्चमध्ये त्याच जागी गेलात तर पिवळे बुडखे दिसतील, कोणत्या गवताचे ते सांगता येणार नाही. गवतांच्या नावांसाठी त्या भागातले मेंढपाळ सोबत घ्यावेत. त्यांना कोंब बघूनही गवत ओळखता येतं.

आम्ही वापरली ती रेषा-बिंदू पद्धत. ५० मीटरचा फायबर टेप ठरलेल्या दिशेत ताणायचा आणि दर ५० सेंटिमीटरला एक बारीक सळई सरळ खाली सोडायची. असे १०० बिंदू होतात, म्हणजे प्रत्येक बिंदू एक टक्का. टक्केवारी वेगळी काढावी लागत नाही. प्रत्येक बिंदूवर दोन नोंदी करायच्या: सळईला वरून पहिलं काय लागलं आणि जमिनीवर काय लागलं. जमिनीच्या रकान्यात बुडखा, पालापाचोळा, उघडी माती, मुरूम, दगड हे पर्याय आधीच छापलेले असावेत. नजरेने ‘साधारण ६० टक्के आच्छादन’ लिहिण्यापेक्षा याला तिप्पट वेळ लागतो, पण नजरेचा अंदाज माणसागणिक बदलतो आणि पुढच्या वर्षी माणसं बदलली की तुलनाच उरत नाही.

या पद्धतीत गोंधळ कुठे होतो तेही सांगतो. वारा सुटला की टेप कमानीसारखा वाकतो, म्हणून मध्ये २५ मीटरवर एक खुंटी हवी आणि काम सकाळी दहाच्या आत संपायला हवं. सळई सोडणारा गवताच्या काडीकडे बघून हात हलवतो; त्याने फक्त टेपवरच्या खुणेकडे बघायचं. चालणं कायम टेपच्या डाव्या बाजूने, वाचन उजव्या बाजूने. दोन्हीकडून चाललं तर पायाखाली तुडवलेलं गवत पुढच्या वेळी मोजलं जातं. एका वेळी तिघे पुरतात. एक सळई सोडणारा, एक नाव सांगणारा, एक लिहिणारा. लिहिणाऱ्याने नाव परत उच्चारून मगच नोंद करायची.

गवताची उंची आणि दाटी मोजायला रोबेल काठी आहे. दर १० सेंटिमीटरला आलटून पालटून रंगाचे पट्टे मारलेली काठी बिंदूवर उभी धरायची, तिच्यापासून ४ मीटरवर जाऊन डोळा जमिनीपासून १ मीटर उंचीवर आणायचा आणि गवताने पूर्ण झाकलेला सर्वांत वरचा पट्टा वाचायचा. चारही दिशांनी वाचून सरासरी घ्यायची. १ मीटर उंची अंदाजाने धरू नका. दुसरी एक मीटरची काठी सोबत ठेवून तिच्या टोकाला डोळा लावला की सगळ्यांचं वाचन एकाच उंचीवरून होतं. धाविक पक्षी उघड्या, खुरट्या गवतात घरटं करतो, तणमोर या पक्ष्याला उंच गवत लागतं. म्हणून सरासरीसोबत उंचीतला फरकही तक्त्यात ठेवावा. सगळा माळ एका उंचीचा झाला तर कुणाची तरी जागा गेलेली असते.

त्याच टेपच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचा पट्टा धरून झुडपं मोजली. उंचीचे तीन गट केले: ५० सेंटिमीटरखाली, ५० ते १५०, आणि त्यावर. बोर, तरवड, बाभूळ ही इथली झाडं एकीकडे, वेडी बाभूळ, गिरीपुष्प आणि सुबाभूळ ही बाहेरून आणलेली दुसरीकडे. इथे मला एक गोष्ट ठामपणे लिहायची आहे. माळरान ही पडीक जमीन नाही, आणि तिच्यावर झाडं वाढली म्हणजे अधिवास सुधारला असं होत नाही. काळविटाचा बचाव दुरून दिसण्यावर आणि पळण्यावर आहे. गिरीपुष्पाच्या रांगा आणि समतल चर यांनी तेच दोन्ही जातं. म्हणून ५० सेंटिमीटरखालच्या रोपांचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. वेडी बाभूळ त्या उंचीत असेपर्यंत कुदळीने मुळासकट काढता येते. नंतर तोडली तर बुंध्यापासून पुन्हा अनेक फांद्यांनी फुटते.

पट्ट्यातच गुरांचं शेण, मेंढ्यांच्या लेंड्या आणि कुत्र्यांची विष्ठा मोजली. काळवीट आणि चिंकारा यांच्या लेंड्या शेळी-मेंढीच्या लेंड्यांपासून खात्रीने वेगळ्या करणं अवघड आहे, तेव्हा शंका असेल तिथे ‘अनिश्चित’ हाच रकाना भरावा. काळविटाचे नर मात्र ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतात. ते ढीग ओळखू येतात आणि त्यांची वेगळी नोंद उपयोगी पडते.

कायमच्या खुणा हा कंटाळवाणा भाग, पण वर्षभराच्या कामाचं मोल त्यांच्यावर ठरतं. जीपीएसची चूक उघड्या माळावरही ३ ते ५ मीटर असते. टेपची ओळ तेवढी सरकली तर दुसरंच गवत मोजलं जातं. टेपच्या टोकांशी ४५ सेंटिमीटरची सळई पहारीने भोक पाडून जमिनीलगत ठोकावी. वर ठेवली तर जनावरांच्या खुरांना इजा होते, टायर फाटतं आणि भंगारवालाही ती उपटून नेतो. जमिनीलगत ठोकलेली पुढच्या वर्षी सापडत नाही, म्हणून दोन ठळक वस्तूंपासून अंतर आणि दिशा लिहून ठेवावी: ‘कक्षाच्या दगडापासून १८.४ मीटर, २१० अंश’ अशी. दोन्ही टोकांवरून त्याच दिशेने, त्याच उंचीवरून एकेक फोटो घ्यावा आणि त्यात क्रमांकाची पाटी असावी. गेल्या वर्षीचा फोटो छापून हातात धरून क्षितिजावरचा डोंगर जुळवला की चौकट बरोबर बसते.

कॅमेरा ट्रॅप डिसेंबर-जानेवारीत लावले. चार कॅमेरे एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने वापरायला दिले. विकत घ्यायचे तर चांगल्या प्रतीचा एक १५ ते २० हजारांत जातो. लांडगा, खोकड, तरस यांच्यासाठी उंची गुडघ्याच्या जराशी खाली, ३० ते ४० सेंटिमीटर, आणि वाटेच्या मध्यापासून तीन-साडेतीन मीटर लांब. माळावर झाड नसतं, लोखंडी खांब रोवून साखळी-कुलूप लावावं लागतं. कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करायचं. पूर्व-पश्चिम ठेवलं की उगवतीच्या आणि मावळतीच्या उन्हाने चित्रं पांढरी येतात. सेन्सर प्राण्याच्या अंगाची उष्णता आणि मागची जमीन यांतला फरक टिपतो. तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी तो चालू होतो, आणि दोन दिवसांत कार्ड रिकाम्या गवताच्या फोटोंनी भरून जातं. उलट, एप्रिलच्या दुपारी जमीन अंगाइतकी तापली की समोरून गेलेलं जनावरही सुटतं. दोन्ही अडचणी थंडीत कमी असतात.

सेल बदलताना काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे जातं. प्रत्येक भेटीत आधी आणि शेवटी जीपीएसची वेळ दाखवणारा पडदा कॅमेऱ्यासमोर धरून फोटो काढला की वेळ नंतरही दुरुस्त करता येते. माणसांचे फोटो येतातच. मेंढरं घेऊन जाणाऱ्या बायका-पोरांचे, पहाटे बाहेर जाणाऱ्यांचे. ते कुणालाही न दाखवता पुसायचे हे आधीच लेखी ठरवून गावात सांगावं. आजूबाजूच्या वस्त्यांवर जाऊन कॅमेरा नेमका काय टिपतो हे समजावून सांगितलं तर कॅमेरे टिकण्याचीही शक्यता वाढते. गुहेसमोर कॅमेरा लावू नये. थंडीत लांडग्याची पिल्लं लहान असतात, आणि त्रास झाला तर मादी जागा बदलते.

प्राण्यांच्या संख्येचा प्रश्न सगळेच पहिला विचारतात. जंगलात सरळ रेषेवर चालून, प्राण्याचं अंतर आणि कोन मोजून घनता काढतात. त्यासाठी वेगवेगळ्या रेषा बऱ्याच लागतात आणि निदान ६० ते ८० दर्शनं. पाच चौरस किलोमीटरमध्ये तेवढ्या रेषा बसत नाहीत, आणि एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा चालल्याने रेषांची संख्या वाढत नाही. शिवाय काळवीट माणसाला दोन-तीनशे मीटरवरून बघून सरकतं, तर ही पद्धत प्राणी मूळ जागी असतानाचं अंतर मागते. मोठं अभयारण्य असेल तर ती जरूर वापरा, आणि कोन माळावरच काढत बसू नका. रेषेची दिशा आणि प्राण्याची दिशा दोन्ही होकायंत्रावर वाचून लिहा, वजाबाकी संध्याकाळी करा. १२० मीटरवर ३० अंशाचा कोन असेल तर रेषेपासूनचं अंतर ६० मीटर येतं. होकायंत्र गाडीपासून, मोबाइलपासून आणि हातातल्या सळईपासून दूर धरावं. लेझर रेंजफाइंडर उभ्या गवतातून नेम धरला की अलीकडच्या काडीचंच अंतर दाखवतो. अशा वेळी प्राण्याशेजारच्या बोरीवर किंवा दगडावर नेम धरावा.

आम्ही दोन निरीक्षकांची पद्धत घेतली. अभयारण्याचे ५०-६० हेक्टरचे भाग पाडले. प्रत्येक भागात दोन निरीक्षक एकाच मार्गाने, पण पंधरा मिनिटांच्या अंतराने, एकमेकांशी न बोलता, सकाळी साडेसहा ते साडेआठ. प्रत्येक कळपाची वेळ, जागा, नर-माद्या-पाडसं आणि सरकण्याची दिशा लिहायची. नंतर दोघांचे तक्ते समोरासमोर ठेवून कोणते कळप दोघांनाही दिसले ते जुळवायचं. समजा पहिल्याला १४ कळप दिसले, दुसऱ्याला १२, आणि त्यातले १० दोघांनाही. मग १४ आणि १२ मध्ये एकेक मिळवून गुणाकार, १५ गुणिले १३, म्हणजे १९५. त्याला १० अधिक एक, म्हणजे ११ ने भागायचं आणि एक वजा करायचा. उत्तर येतं सुमारे १७. दोघांना मिळून १६ कळप दिसले होते, म्हणजे एखादा सुटला असावा. कळपांच्या सरासरी आकाराने गुणलं की संख्या मिळते. कळप जुळवताना रचना उपयोगी पडते: ‘एक काळा नर, तीन माद्या, दोन पाडसं’ हे ‘सहा’पेक्षा कितीतरी जास्त सांगतं. चिंकारात नर-मादी ओळखताना घाई नको, कारण मादीलाही शिंगं असतात. ती बारीक आणि आखूड असतात, नराची जाड, वळ्यांची.

काहीच दिसलं नाही तरी तक्ता भरायचा. वेळ, मार्ग, हवामान आणि शून्य. तो तक्ता फाइलला नसेल तर पुढच्या माणसाला त्या दिवशी कुणी गेलंच नव्हतं की गेलं आणि काही नव्हतं, हे कळत नाही.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर बसून होणाऱ्या गणनेतही आम्ही होतो. लोकांना माळ दाखवण्यासाठी तो उपक्रम चांगला आहे. त्या रात्रीचा आकडा मात्र संख्या म्हणून वापरू नये. चिंकारा बरंचसं पाणी पाल्यातून आणि दवातून मिळवतो आणि पाणवठ्यावर न येताही राहू शकतो. शेजारी शेततळं असेल तर काळवीटही तिकडे जातं. पाणवठ्यावर येणाऱ्या कुत्र्यांची नोंद मात्र जरूर ठेवावी. भटक्या कुत्र्यांचे कळप पाडसांवर पडतात, आणि अभयारण्याच्या पाच किलोमीटर परिसरातल्या पाळीव जनावरांच्या लसीकरणाची तरतूद अधिनियमाच्या कलम ३३ क मध्ये आहेच. कुत्र्यांचाही प्रश्न मांडताना हातात नोंदी असल्या की बोलणं पुढे सरकतं.

खर्चाचं बोलायचं तर टेप, सळया, रंग, होकायंत्र, छपाई यांना सहा-सात हजार, रेंजफाइंडरला १४ हजार, सेल आणि कार्डांना आठ हजारांच्या आसपास. प्रवास आणि जेवणखाण धरून सगळं ९० हजारांच्या घरात गेलं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग इंधनाचा होता. मुक्काम जवळच्या गावात करता आला तर हा आकडा बराच खाली येतो.

नोंदी त्याच संध्याकाळी संगणकावर चढवाव्यात आणि दुसऱ्याने मूळ कागदाशी ताडून बघाव्यात. ‘काळवीट’, ‘काळविट’, ‘का. वि.’ अशी तीन नावं एकाच रकान्यात आली की बेरीज चुकते. नावांची एक यादी ठरवून तिच्यातूनच निवडायचं. माळावर लिहिताना पेन्सिल वापरा, जेल पेनाचं लिखाण दवाने पसरतं. जाळरेषा कोणत्या तारखेला काढल्या, कुठे वणवा लागला, कोणत्या कक्षात झुडपं काढली, हे परिक्षेत्र कार्यालयातून तारखेसह घेऊन त्याच वहीत लिहावं. जळालेल्या ओळीवरचं उघड्या मातीचं प्रमाण चराईमुळे वाढलं असं कुणी वाचू नये.

अहवाल मराठीत दिला, आणि सुरुवातीच्या दोन पानांत कक्षनिहाय काय करता येईल ते लिहिलं. वनरक्षकाला त्याच्या बीटचं, म्हणजे त्याच्याकडे असलेल्या हद्दीचं, पान वेगळं काढून दिलं, कारण वेडी बाभळीची रोपं कुठे आहेत हे त्याला हवं असतं, सूत्रं नको असतात. सोबत कोरे तक्ते, खुणांची वही, नावांची यादी आणि सगळ्या नोंदींची प्रत कार्यालयात जमा केली आणि पोच घेतली. एका वर्षाच्या आकड्यांवरून वाढ किंवा घट काढता येत नाही, तेव्हा अहवालात तसं कुठेही लिहिलेलं नाही. मुदतवाढीचा अर्ज मात्र अहवालासोबतच दिला. परवाना जुलैअखेर संपत होता, आणि गवत तुऱ्यावर येईपर्यंत नवा कागद हातात असायला हवा.